बागेला पाणी कोण घालणार? भाचीच्या स्मृतिबागेचा अनुभव

माझी भाची ऑगस्ट २०२१ मध्ये अपघातात गेली. २७ वर्षांची होती. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, आणि तिचं नाव, गाव, संस्था हेही मुद्दाम टाळलंय. लिहायचंय ते तिच्या नावाने उभ्या राहिलेल्या छोट्या बागेबद्दल. आम्ही सुरुवात केली तेव्हा स्मृतिबाग करायची म्हणजे कुठे जायचं, काय मागायचं, किती थांबायचं हे सांगणारं मराठीत काहीच हाती लागलं नाही. जे लागलं त्यात फीत कापणारे फोटो होते, त्याआधीचं काही नव्हतं.

कल्पना ताईची, म्हणजे तिच्या आईची. पण पहिले काही महिने आम्ही ती बाजूला ठेवली आणि ते बरंच झालं. त्या काळात घरात कोणी काही ठरवण्याच्या मन:स्थितीत नसतं, आणि ठरवलंच तर ते सहसा सगळ्यात मोठं, सगळ्यात महागडं असतं. भाऊजींना तिच्या नावाने शिष्यवृत्ती हवी होती. भाच्याला, म्हणजे तिच्या भावाला, काहीच नको होतं. "दगडावर नाव बघायला मी जाणार नाही," असं त्याने सरळ सांगितलं. आम्ही त्याला समजवायला गेलो नाही. घरातल्या एकाला नको असेल तर त्याला दूर राहू द्यावं, एवढंच म्हणेन.

बागच का, याचं कारण साधं होतं. तिला फुलपाखरांचं वेड होतं. कॅमेरा घेऊन उन्हातान्हात एका झुडपासमोर ती तासभर उकिडवी बसायची. त्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये आम्ही परत बोलायला बसलो तेव्हा भाऊजी स्वतःच म्हणाले, "फुलपाखरांची करू."

पहिला प्रश्न जागेचा. स्वतःच्या अंगणात करणं सोपं, परवानगी लागत नाही. पण घर विकलं, पाडलं की बागही गेली. दुसरा पर्याय सार्वजनिक उद्यानात एखादं बाक किंवा झाड देण्याचा. यात कागदपत्रं कमी आणि देखभालही उद्यान चालवणारे करतात. मात्र बाक किती वर्षं ठेवतील हे आधी लेखी विचारून घ्यावं. अनेक ठिकाणी त्याला ठरावीक मुदत असते आणि मुदत संपली की पाटी काढून देतात, हे देणाऱ्याच्या लक्षातच आलेलं नसतं. तिसरा पर्याय एखाद्या संस्थेच्या मोकळ्या जागेचा. आम्ही तो घेतला. ती ज्या ग्रंथालयात अभ्यासाला बसायची, त्याच्या मागे एक लांबट पट्टा पडून होता. गवत, मोडक्या खुर्च्या, जुनं पाण्याचं टाकं.

ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी पहिल्याच भेटीत होकार दिला. पण जागा ग्रंथालयाच्या मालकीची नाही, स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे आणि ग्रंथालयाकडे भाडेपट्ट्याने आहे, हे नंतर कळलं. त्यामुळे परवानग्या दोन झाल्या: ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाचा ठराव, आणि मालकाच्या उद्यान विभागाचा ना हरकत दाखला. तोंडी होकारावर रोपं आणू नका. आधी सातबारा, मिळकत पत्रिका किंवा भाडेपट्टा, जे असेल ते बघा आणि जागा नक्की कोणाची ते शोधा.

मार्चमध्ये मंडळाचा ठराव झाला. त्याची सही-शिक्क्याची प्रत, आमचा अर्ज, जागेचा नकाशा, झाडांची यादी, खर्चाचा अंदाज आणि पैसा कुठून येणार याचं पत्र, असा गठ्ठा उद्यान विभागात दिला. नकाशाला वास्तुविशारद लागला नाही. भाच्याच्या एका मित्राने आलेख कागदावर मापाने काढून दिला, तो चालला. पाण्याची वाहिनी, विजेची तार, मलनिस्सारणाचं झाकण आणि शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर या गोष्टी त्यात दाखवलेल्या असल्या तर पुढची निम्मी विचारणा टळते.

उद्यान अधिकाऱ्यांशी झालेली भेट मी विसरणार नाही. साहेबांनी यादी वाचली, नकाशा बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "यातलं झाड मेलं तर काय करणार?"

ताई उठून बाहेर गेली. मी बसून राहिले. खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "बाई, मला विचारावंच लागतं. माणसाच्या नावाने लावलेलं झाड वाळलं की घरचे लोक इथे येऊन भांडतात. नाही तर येतच नाहीत, आणि मग आम्ही ते काढू शकत नाही. पहिली दोन वर्षं सगळे येतात. पाणी तिसऱ्या वर्षी कोण घालणार ते या कागदावर लिहा."

बाहेर बाकावर ताईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकच झाड तिचं असं ठेवायचं नाही." आमच्या बागेचा सगळा आराखडा पुढे या एका वाक्यावर बदलला. आधी मधोमध एक बकुळ, तिच्याभोवती पार आणि पारावर नाव असा बेत होता. आता नाव बागेला, झाडाला नाही. एखादं रोप गेलं तर दुसरं लावायचं, त्यासाठी कोणाची परवानगी नको आणि कोणाला अपराधी वाटायला नको, हे करारात घालून घेतलं.

कराराच्या अटी थोडक्यात सांगते, कारण बहुतेक ठिकाणी याच धाटणीच्या असतात. जागेवर आमचा कोणताही हक्क नाही. लावलेली झाडं जमिनीच्या मालकाची. मोठं झालेलं झाड छाटायचं असलं तरी परवानगी लागेल. पुतळा, फोटो, चौथरा, समाधीसारखं काही बांधकाम नाही. नामफलक एकच, ठरवून दिलेल्या मापाचा. पाच वर्षं देखभाल आमची, नंतर नूतनीकरण. अनामत रक्कम. बाग सर्वांना खुली. रक्षा किंवा अस्थी जमिनीत घालायच्या नाहीत.

ही शेवटची अट ताईला लागली. तिने थोडी रक्षा जपून ठेवली होती. पण अट नसती तरी घालू नका असं मला माळीकाकांनी सांगितलं असतं, कारण त्यांनी नंतर ते समजावलं. दहनानंतर उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट; त्यात क्षार भरपूर आणि सामू, म्हणजे आम्ल-अल्क मोजणारा pH, फार जास्त. चिमूटभराने काही होत नाही, पण एका खड्ड्यात ओंजळभर पडली तर कोवळ्या मुळांना ते सोसत नाही. आठवणीसाठी लावलेलं रोप त्यामुळेच वाळावं, यापेक्षा वाईट काय. ताईने ती रक्षा घरीच ठेवली आहे.

मग फाईल फिरत राहिली. उद्यान विभागातून मालमत्ता विभागात, तिथून विधी विभागात, तिथून परत खाली. पावसाळ्यात ती नक्की कुठल्या टेबलावर आहे हे कोणालाच सांगता येईना. मी काय केलं तर प्रत्येक कागदाची पोच घेतली, आवक क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहिली, आणि ज्या टेबलावर फाईल असेल तिथल्या माणसाचं नाव न चुकता विचारलं. भांडून काही हललं नाही. "मागच्या वेळी तुम्ही असं म्हणाला होतात, तारीख अमुक," असं वही उघडून म्हटलं की हलायचं. ताईला या फेऱ्यांना नेणं मी बंद केलं. प्रत्येक नव्या टेबलावर "मयताशी नातं?" या प्रश्नाला आईने उत्तर देत बसायची गरज नाही, मावशी पुरते. घरातली एक व्यक्ती यासाठी नेमा, जिचं दुःख थोडं लांबचं आहे. ना हरकत नोव्हेंबर २०२२ मध्ये हातात आली, करार डिसेंबरात झाला.

थांबण्याच्या काळात तिच्या मैत्रिणी येत राहिल्या. त्यांच्या डोक्यात कारंजं होतं. वाहतं पाणी, रात्री दिवे. मी त्यांना लंडनच्या हाइड पार्कमधलं डायनाच्या स्मरणार्थ बांधलेलं कारंजं दाखवलं. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचं, लंबवर्तुळाकार, लोकांनी पाय बुडवून बसावं अशा कल्पनेने केलेलं. ६ जुलै २००४ ला खुलं झालं आणि त्याच महिन्यात बंद करावं लागलं. पाणी तुंबलं, लोक घसरून पडले, बाजूच्या हिरवळीचा चिखल झाला. तिथे राजघराणं आणि सरकार मागे होतं, म्हणून दुरुस्त करून पुन्हा सुरू झालं. आपल्यामागे कोण आहे? याउलट २०१७ मध्ये, डायनाच्या मृत्यूला वीस वर्षं झाली तेव्हा, केन्सिंग्टन राजवाड्याजवळच्या आधीपासूनच असलेल्या एका बागेत पांढरी फुलं लावली. बांधकाम काही नाही, नुसती लागवड. हे मैत्रिणींना पटलं. कारंज्याऐवजी पक्ष्यांसाठी दगडाची उथळ पाणथाळी ठेवली. ती रोज रिकामी करून घासायची, म्हणजे डासही होत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये खोदायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी पहारीखालून ठण्ण आवाज आला. ग्रंथालयाच्या जुन्या दुरुस्तीचा सगळा राडारोडा त्या पट्ट्यात पुरलेला होता. विटा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, एक अख्खं मोरीचं भांडं. खर्चाचं आमचं सगळं गणित इथे कोसळलं. एकूण खर्चातला सगळ्यात मोठा वाटा हा राडारोडा उचलणं आणि बाहेरून माती आणणं यावर गेला. त्याखालोखाल पाण्याची जोडणी आणि वेगळं मीटर, मग पायवाट, मग बाक. फलक त्यानंतर. रोपांवरचा खर्च सगळ्यात कमी, आणि लोकांना देणगी द्यायची असते ती नेमकी रोपांसाठी! "माझ्याकडून एक झाड" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात; "माझ्याकडून दोन ट्रक राडारोडा" असं म्हणणारा एक भेटला, तिच्या ऑफिसातला मुलगा, आणि तो मला कायम आवडत राहील. आलेल्या पैशासाठी ताई आणि मी असं वेगळं संयुक्त खातं उघडलं होतं. प्रत्येक बिलाचा फोटो देणाऱ्यांच्या गटात टाकायचो. कोणी हिशेब मागितला नाही, पण मागायची वेळ आली नाही हेच महत्त्वाचं.

खोदण्याआधी पट्टाभर पाच-सहा ठिकाणी पहार घालून बघा. पाणी मुरतं का हेही बघा: फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचं, पुन्हा भरायचा आणि तासाभरात पाणी किती खाली जातं ते मोजायचं. इंचभर गेलं तरी ठीक. जागचं हललंच नाही तर आधी निचऱ्याचं काहीतरी करा, झाडं मग. माती तपासायला देताना एकाच ठिकाणची नको. चार-पाच ठिकाणची घेऊन एकत्र करायची, दगड-काड्या वेचायच्या आणि त्यातली अर्धा किलो द्यायची. आमच्या मातीचा सामू आठच्या वर आला, सिमेंटच्या चुऱ्यामुळे असावा. म्हणून आम्ही भरपूर कुजलेलं शेणखत घातलं आणि सामू चढला की पिवळी पडणारी नाजूक झाडं यादीतून काढली.

यादी फुलपाखरांच्या हिशेबाने केली. फुलपाखरू मधासाठी बऱ्याच फुलांवर येतं, पण अंडी ठरलेल्या झाडावरच घालतं. लिंबू, बहावा, रुई, पानफुटी ही अशी झाडं. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून ती मागच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. कण्हेर सुंदर दिसते, फुलपाखरांनाही चालते, पण विषारी. सार्वजनिक जागेत लहान मुलं येणार म्हणून नाही लावली. बकुळ लावली, पण कडेला. ती सावकाश वाढते. ताईला हे सांगितल्यावर म्हणाली, "असू दे, मला कुठे घाई आहे."

रोपवाटिकेतून डोक्याएवढी उंच झाडं आणायचा मोह होतो, लगेच बाग दिसते म्हणून. माळीकाकांनी तो हाणून पाडला. पिशवीत फार वर्षं राहिलेल्या झाडाची मुळं गोल गोल फिरून आवळलेली असतात, ती जमिनीत जाऊनही तशीच राहतात. गुडघ्याएवढं, ताठ, ताज्या मुळांचं रोप काही वर्षांत त्याला गाठतं. जुलै २०२३ मध्ये पाऊस धरल्यावर लागवड केली. काका प्रत्येक पिशवी चिरून मुळं बघत, फिरलेली मुळं कात्रीने तोडत. खोडाचा जिथून मूळ सुरू होतं तो भाग मातीत गाडू देत नव्हते. मैत्रिणींपैकी एकीने माती जास्त ओढली तर त्यांनी स्वतः बसून बोटांनी बाजूला केली. पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं तेही खोडापासून चार बोटं लांब. भाचा त्या दिवशी आला. फाटकाजवळ उभा होता, मग कुदळ घेतली, तीन खड्डे भरले आणि कोणाशी न बोलता गेला.

पायवाट मीटर-सव्वा मीटर रुंद आणि पायऱ्यांशिवाय ठेवा, चाकाची खुर्ची जाईल अशी. चढ असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी द्यावी. बाकाला पाठ आणि हात दोन्ही हवेत. नुसत्या दगडी बाकावरून म्हाताऱ्या माणसांना उठता येत नाही, आणि अशा बागेत जास्त वेळ तीच बसतात.

फलकावर वाद होणार हे गृहीत धरा. भाऊजींना पदवी आणि नोकरी हवी होती, आजीला देवाचं नाव, मैत्रिणींना इंग्रजी ओळ. मापाच्या अटीने आम्हाला वाचवलं: एवढं मावतच नव्हतं. शेवटी नाव आणि त्याखाली "फुलपाखरांसाठी". जन्म-मृत्यूची सालं ताईने काढायला लावली. म्हणाली, येणारा माणूस आधी वजाबाकी करतो. स्टीलची पाटी चोरीला जाते, हलकं अ‍ॅक्रिलिक उन्हाने पिवळं पडू शकतं. ग्रॅनाइटवर खोल कोरून घेतलेली अक्षरं टिकतात. त्यात भरलेला रंग मात्र काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. कोरणाऱ्यांकडे बऱ्याचदा जुने फॉन्ट असतात, त्यात जोडाक्षरं तुटतात आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. मूळ मापाची कागदी प्रत काढून घ्या, घराबाहेरच्या कोणाकडून तरी वाचून घ्या, त्यावर सही करा आणि मगच छिन्नी लागू द्या. घरच्यांना त्या नावातली चूक दिसत नाही.

उद्घाटन केलं नाही. सप्टेंबरातल्या एका रविवारी फाटक उघडं ठेवलं, इतकंच.

त्यानंतरचा पहिला त्रास अळ्यांचा. लिंबाची पानं कुरतडलेली, पानफुटीच्या जाड पानांत आतून बोगदे पडलेले. ग्रंथालयातल्या एका सभासदाने तक्रार केली की बागेला कीड लागलीय, औषध मारा. ती अळी म्हणजेच फुलपाखरू हे सांगून सांगून थकलो तेव्हा एक छोटा फलक लावायला वेगळी परवानगी मागितली: "इथली पानं खाल्लेली दिसतील. कृपया औषध मारू नका." ती परवानगी आठवड्यात मिळाली. साहेबांनी शेऱ्यात "लोकशिक्षण" असं लिहिलं होतं. आता शाळेतली मुलं ती पाटी वाचून अळ्या शोधतात.

२०२४ चा उन्हाळा कठीण गेला. दोन सोनचाफे आणि एक लिंबू गेलं. ताईने दुसऱ्याच आठवड्यात नवं लिंबू लावलं, चाफ्याच्या जागी काय लावायचं ते अजून ठरत नाही. नव्या झाडाला रोज थोडं थोडं पाणी देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर मुरेल एवढं द्यायचं आणि झाड पसरेल तसं आळंही मोठं करत न्यायचं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पाण्याच्या पाळ्या लावल्या आहेत आणि त्या कागदावर तारखेसह ग्रंथालयाच्या काउंटरमागे चिकटवलेल्या आहेत. पाळीवर नाव एकाचं नाही, दोघांचं लिहावं. एकटा माणूस विसरतो किंवा आजारी पडतो.

तिच्या जाण्याच्या दिवशी तिथे गर्दी करू नका असं ताईने सगळ्यांना सांगितलंय. त्या आठवड्यात नवख्या पायांनी रोपं तुडवली जातात, हे तिचं कारण. खरं कारण दुसरं असेल, मी विचारलेलं नाही.

सध्या करारात बदल करून घ्यायचं चाललंय. देखभालीची जबाबदारी आतापर्यंत ताई आणि भाऊजींच्या सहीवर होती. दोघंही साठीच्या पुढे. आता त्यात तिच्या दोन मैत्रिणी आणि ग्रंथालयाचे कार्यवाह यांची नावं पदासकट घालतोय, म्हणजे उद्या कार्यवाह बदलले तरी जबाबदारी त्या पदावर राहील. यासाठी मंडळाचा नवा ठराव, मैत्रिणींचं संमतीपत्र आणि मूळ कराराची प्रत लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या निदान सहा महिने आधी द्या असं साहेबांच्या जागी आलेल्या मॅडमनी सुचवलंय. मुदत उलटून गेली तर नव्याने सगळी फाईल करावी लागते. अर्ज लिहून ठेवला आहे. भाच्याने टाइप केला, आणि शेवटी पर्यायी संपर्क म्हणून स्वतःचं नाव घातलं.